लेकीच्या बाळंतपणासाठी ब्रिटनचा व्हिसा: एक नकार आणि एक होकार

आमची धाकटी लेक आणि जावई गेली चार वर्षे इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ राहतात. २०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, सोने वाटून घरी परतलो तोच तिचा व्हिडिओ कॉल आला आणि एप्रिलअखेर बाळ येणार असल्याचे तिने सांगितले. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते ही आपली रीत आहे, परंतु तिची नोकरी, रजा आणि तिकडच्या दवाखान्यातील नोंदणी पाहता तिला येणे शक्य नव्हते, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले. त्या दिवसापासून पासपोर्टवर व्हिसा लागून तो आमच्या हातात पडेपर्यंत पाच महिने आणि नऊ दिवस गेले, आणि मध्ये आमचा एक अर्ज नाकारला गेला. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत सर्व काही सापडते, परंतु आमच्या सीमाभागातील कागदपत्रांची अडचण सापडत नाही.

ती अडचण आधी सांगते. मी कर्नाटक सरकारच्या मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि यजमान बेळगाव तालुक्यात शेती करतात. आमच्या घरातल्या कागदांना तीन भाषा आहेत. माझा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, सेवापुस्तकातील बहुतेक नोंदी कन्नडमध्ये, पेन्शनचा आदेश काही कन्नड आणि काही इंग्रजी, शेताचा उतारा संपूर्ण कन्नडमध्ये आणि पासपोर्ट इंग्रजीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर एक नाव आणि नव्या कागदांवर दुसरे. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपण जन्मापासून या तिन्ही भाषांमध्ये वावरतो. परंतु ज्या अधिकाऱ्याने बेळगाव कधी पाहिलेले नाही, त्याच्यासमोर हे कागद जसेच्या तसे ठेवले तर त्याला एका कुटुंबाऐवजी तीन-चार वेगवेगळी कुटुंबे दिसू शकतात.

पासपोर्टचे काम मात्र सोपे झाले. माझा पासपोर्ट २०१६ मध्ये काढलेला होता. यजमानांचा आम्ही मे २०२४ मध्येच बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयातील पासपोर्ट केंद्रातून काढून घेतला होता. शुल्क १,५०० रुपये असते, साठ वर्षांवरील अर्जदाराला पहिल्या पासपोर्टवर दहा टक्के सवलत मिळते, म्हणून १,३५० रुपये भरले आणि पोलीस पडताळणीसह तो तीन आठवड्यांत घरी आला. घरातले कोणी परदेशी असेल तर व्हिसाची वेळ येण्याआधीच पासपोर्ट काढून ठेवावा.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही ओळखीच्या एका एजंटाकडे गेलो. माणशी ८,००० रुपये ठरले. ब्रिटनला सहा महिन्यांपर्यंत भेटीसाठी जाणाऱ्यांना ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा लागतो, त्याचे शुल्क त्या वेळी ११५ पौंड होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज करावा लागतो. या व्हिसासाठी सहसा मुलाखत नसते. ते ऐकून आम्हाला हायसे वाटले होते. वास्तविक त्याचाच धाक वाटायला हवा होता, कारण मुलाखत नसली की आपल्या वतीने फक्त कागद बोलतात आणि कागदाने चुकीचे सांगितले तर ते दुरुस्त करायला आपण तिथे नसतो.

६ नोव्हेंबरला एजंटाने आमचे दोन्ही अर्ज ऑनलाइन भरले. आम्ही शेजारी बसून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देत होतो, परंतु पडद्यावर काय लिहिले जात आहे हे मी वाचले नाही. इंग्रजी मला वाचता येते, तरीही वाचले नाही, याची खंत मला आजही आहे. यजमानांचा व्यवसाय ‘स्वयंरोजगार’ एवढाच लिहिला गेला, शेतीचा उल्लेख कुठेच आला नाही. मुक्काम पूर्ण सहा महिन्यांचा, जानेवारीअखेरपासून जुलैअखेरपर्यंत मागितला गेला, कारण ‘जेवढा मिळतो तेवढा मागावा’ असे आम्हाला सांगण्यात आले. खात्यावर किमान पाच लाख दिसले पाहिजेत असेही सांगण्यात आले, म्हणून घरात भाताचे आलेले पैसे आणि धाकट्या दिरांकडून हातउसने घेतलेले दोन लाख असे मिळून चार लाख रुपये आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या पेन्शनच्या खात्यात रोख भरले. सोसायटीच्या खात्यावर दरवर्षी उसाचे बिल जमा होते, पण त्याचे पासबुक कन्नडमध्ये असल्याने ‘त्याची गरज नाही’ म्हणून ते बाजूला ठेवले गेले. शेताचा उतारा मात्र भाषांतराशिवाय तसाच जोडला गेला.

बोटांचे ठसे आणि छायाचित्र देण्यासाठी १४ नोव्हेंबरला बेंगळुरूच्या व्हीएफएस केंद्राची, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्राची, वेळ मिळाली होती. बेळगावहून रात्रीच्या रेल्वेने गेलो, सकाळी काम अर्ध्या तासात झाले आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. नियमाप्रमाणे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. ५ डिसेंबरला पाकिटे आली. यजमानांनी आधी स्वतःचे उघडले. पासपोर्टमध्ये व्हिसा नव्हता, सोबत दोन पानांचे पत्र होते. माझ्या पाकिटातही तेच.

त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. यजमान पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, ‘आम्ही काय चोरी केलीय काय?’ ज्या माणसाने आयुष्यात बँकेचा एक हप्ता चुकवला नाही, त्याला ‘आपण खरोखर भेटीसाठीच येत आहात आणि मुदतीनंतर परत जाल याची खात्री पटत नाही’ हे वाक्य वाचून दाखवताना माझा आवाज अडखळला. लेकीला सांगायचे कसे, हा त्याहून मोठा प्रश्न होता. तिला पाचवा महिना लागला होता. मी दोन दिवस सांगितले नाही, तिसऱ्या दिवशी तिनेच विचारले.

परंतु ते पत्र शांतपणे पुन्हा वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यातला एकही मुद्दा हवेतला नव्हता. त्यात तीन गोष्टी होत्या. माझी मासिक पेन्शन एवढी असताना अर्जाच्या आठवडाभर आधी चार लाख रुपये रोख कुठून आले याचा खुलासा नाही. अर्जदार स्वयंरोजगार करतो असे म्हणतो, पण त्या उत्पन्नाचा पुरावा नाही. आणि स्थावर मालमत्तेचा म्हणून दिलेला कागद इंग्रजीत नाही, त्याचे भाषांतर नाही, म्हणून तो विचारात घेता आला नाही. पत्रात ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांतील भेटीच्या व्हिसाच्या परिशिष्टाचा, व्ही ४.२ या कलमाचा उल्लेख होता. अर्जदार मुदतीअखेर परत जाईल, त्याचा हेतू खरा आहे आणि खर्चापुरता पैसा आहे, याची खात्री अधिकाऱ्याला पटली पाहिजे, असे ते कलम सांगते. नकार आलेल्यांना माझे एवढेच सांगणे आहे की ते पत्र रागाने फाडू नये. पुढच्या अर्जात काय दाखवायचे, हे त्याच पत्रात लिहिलेले असते.

भेटीच्या व्हिसाला नकार मिळाला तर सहसा अपील करता येत नाही आणि भरलेले शुल्कही परत मिळत नाही. मात्र पुन्हा अर्ज करायला कोणतीही थांबण्याची मुदत नाही. एका हितचिंतकाने नव्या अर्जात जुना नकार लिहू नका असा सल्ला दिला. तो अत्यंत घातक आहे. यापूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, हा प्रश्न अर्जात स्पष्ट विचारलेला असतो, तिथे खोटे लिहिणे म्हणजे पुढील अनेक वर्षांसाठी दार बंद करून घेणे. आम्ही नकाराची तारीख आणि कारण जसे होते तसे लिहिले.

संक्रांत झाल्यावर, १५ जानेवारीपासून, मी हे काम शाळेच्या कामासारखे हाती घेतले. या वेळी एजंट नाही असे ठरवले. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावरचा अर्ज अर्धवट ठेवून नंतर पुन्हा उघडता येतो, त्यामुळे रोज संध्याकाळी एक-दोन पाने भरत गेले. किती वर्षांपासून या पत्त्यावर राहता, घर कोणाचे, आई-वडिलांची नावे आणि जन्मतारखा, महिन्याचे उत्पन्न आणि खर्च, या प्रवासावर तुम्ही स्वतः किती खर्च करणार, इतर कोणी खर्च करणार असेल तर कोण आणि का, गेल्या दहा वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, असे प्रश्न असतात. माझ्या सासऱ्यांची जन्मतारीख घरात कोणालाच माहीत नव्हती, ती त्यांच्या जुन्या मतदार ओळखपत्रावरून शोधावी लागली. आई-वडील हयात नसले तरी त्यांची माहिती लागते, ती आधीच काढून ठेवावी.

पैशांचा प्रश्न सर्वांत आधी सोडवला. दिरांचे दोन लाख त्यांना बँकेतून परत केले. माझ्या खात्यात १ लाख ६२ हजार उरले. ‘एवढ्याने काय होणार, आणखी भरा’ असे भाचा म्हणत होता, पण या वेळी मी ऐकले नाही. त्याऐवजी माझ्या निवृत्तीच्या रकमेतून ठेवलेल्या ६ लाखांच्या मुदत ठेवीचे प्रमाणपत्र बँकेकडून इंग्रजीत घेतले, जे पहिल्या अर्जात कोणी मागितलेच नव्हते. सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यावर बँकेचा शिक्का आणि सही घेतली. ऑक्टोबरमधल्या त्या चार लाखांबद्दल एक स्वतंत्र पान लिहिले: दोन लाख भाताचे, त्याच्या गिरणीच्या पावत्या सोबत, दोन लाख दिरांचे, ते अमुक तारखेला परत केले, त्याची नोंद खातेउताऱ्यात अमुक ओळीवर. त्या ओळींवर पेन्सिलीने खूण केली. माझे असे ठाम मत झाले आहे की खात्यावर रक्कम किती आहे यापेक्षा ती कुठून आली हे दिसणे अधिक महत्त्वाचे असते.

शेतीच्या कागदांनी सर्वाधिक वेळ घेतला. आमची ४ एकर २० गुंठे जमीन तिघा भावांत सामाईक आहे आणि उताऱ्यावर तिघांची नावे आहेत. मला कामापुरते कन्नड वाचता येते, यजमानांना येत नाही. जानेवारीतल्या एका दुपारी मी उतारा शब्दशः वाचायला घेतला तेव्हा दिसले की त्यात सासऱ्यांचे नाव ‘परशराम’ आहे, तर यजमानांच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘परशुराम’ असे आहे, आणि यजमानांचे स्वतःचे नाव उताऱ्यावर ‘नरसू’ तर पासपोर्टवर ‘नरसिंग’ आहे. सासरे गेल्यावर वारसा नोंद झाली त्याला वीस वर्षे झाली, आणि या वीस वर्षांत हा कागद कर्जासाठी, विम्यासाठी, सोसायटीसाठी असंख्य वेळा दिला गेला. ते नाव मात्र यजमानांनी कधी वाचलेच नव्हते, कारण त्यांना ती लिपी येत नाही. सरकारी कागद मराठीतही मिळावेत ही या भागाची जुनी मागणी आहे. ती पुरी झाली असती तरी या कामासाठी इंग्रजी भाषांतर लागलेच असते; पण आपल्याच शेताच्या कागदावर आपले नाव काय लिहिले आहे, हे यजमानांना सासष्टाव्या वर्षी बायकोकडून कळले नसते.

उताऱ्यावरील नाव दुरुस्त करायला तलाठ्यापासून तहसीलपर्यंत जावे लागते आणि त्याला किती महिने लागतील हे कोणी सांगू शकत नव्हते. म्हणून ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र ई-स्टॅम्प कागदावर करून घेतले, एक यजमानांचे आणि एक माझे, कारण सेवापुस्तकात माझ्या नावापुढे ‘बाई’ आहे आणि पासपोर्टवर नाही. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयातून, वंशावळीचा दाखला काढला, म्हणजे सासऱ्यांपासून आम्हा सर्वांचे नाते एका पानावर आले. दोन्ही प्रतिज्ञापत्रे आणि नोटरी मिळून १,१०० रुपये लागले.

मग भाषांतर. उतारा, वंशावळ, सोसायटीचे पासबुक, ऊस कारखान्याची बिले, भाताच्या पावत्या आणि माझ्या पेन्शनच्या आदेशाचा कन्नड भाग अशी १७ पाने झाली. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात भाषांतर करून देणारे मिळतात, पानाला ४०० रुपये घेतले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. नुसता नोटरीचा शिक्का म्हणजे भाषांतर नव्हे. प्रत्येक भाषांतरावर ‘हे मूळ कागदाचे अचूक भाषांतर आहे’ असे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील असावा लागतो, आणि भाषांतर सारांशाने नव्हे तर संपूर्ण असावे लागते. आमच्या भाषांतरकाराने पहिल्या खेपेला उताऱ्याच्या मागच्या बाजूच्या नोंदी गाळल्या होत्या, त्या मी पुन्हा करून घेतल्या. नावांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे न करता मूळ कागदात आहेत तशीच ठेवायला सांगावीत आणि फरकाचा खुलासा प्रतिज्ञापत्रात करावा. भाषांतरातच नाव ‘सुधारले’ तर ते मूळ कागदाशी जुळत नाही आणि नवीन शंका निर्माण होते.

लेकीकडून लागणारे कागद तिने आठवडाभरात पाठवले: आमंत्रणाचे पत्र, दोघांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेचे उतारे, घराचा भाडेकरार, स्थानिक कौन्सिलच्या कराचे बिल. पहिल्या अर्जात तिच्या वास्तव्याचा पुरावा म्हणून निवास परवान्याच्या कार्डाची प्रत जोडली होती, पण ती कार्डे ३१ डिसेंबर २०२४ नंतर कालबाह्य झाली आणि त्यांची जागा ई-व्हिसाने घेतली, म्हणून या वेळी तिने ऑनलाइन नोंदीची छापील प्रत पाठवली. शिवाय तिच्या सुईणीने दिलेले प्रसूतीचे अधिकृत प्रमाणपत्र, ज्याला तिकडे मॅट-बी-वन म्हणतात, ते आता उपलब्ध होते. ते अपेक्षित प्रसूतीच्या वीस आठवडे आधीपासूनच मिळते, त्यामुळे नोव्हेंबरच्या अर्जात ते असूच शकले नव्हते. तारीख पक्की दिसल्यामुळे आमच्या प्रवासाच्या तारखांनाही आधार आला.

त्या तारखांबद्दल मी आणि यजमान बराच वेळ बोललो. लेकीला वाटत होते की आईने तरी सहा महिने राहावे. पण घरी सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि भाताची पेरणी कोणासाठी थांबत नाही. रोहिणीत रान तयार करतात आणि मृगात पेरण्या उरकतात, ७-८ जूनला मृग लागायच्या आत यजमान बांधावर हवेत. मग आम्ही ८ एप्रिल ते २ जून असे आठ आठवडे ठरवले आणि तेच पत्रात लिहिले. त्या पत्राचा मसुदा मी आधी मराठीत केला, मग इंग्रजीत. ‘आम्ही भात पिकवतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर आमच्या भागात पेरणी सुरू होते. माझे पती २ जूनला परतणे आवश्यक आहे, आणि त्यांच्या वृद्ध आईची काळजी घेण्यासाठी मलाही परतायचे आहे.’ बाकी मजकूर कोण खर्च करणार, कुठे राहणार, मागच्या नकारातील कोणत्या मुद्द्याचे उत्तर कोणत्या पानावर आहे, एवढाच होता. पहिल्या अर्जात जुलैअखेरपर्यंत राहू असे सांगणारा माणूस शेतकरी असूच शकत नाही, हे मला पत्र लिहिताना उमगले. बाळाला सांभाळायला जातो असे लिहावे की नाही, अशी भीती अनेकांना वाटते. आजी-आजोबांनी भेटीच्या काळात नातवंडाला सांभाळण्यास मनाई नाही, मात्र ते पगारी किंवा कायमच्या दाईसारखे काम होता कामा नये. ‘लेकीच्या बाळंतपणात तिच्यासोबत राहण्यासाठी’ असे आम्ही सरळ लिहिले.

१२ फेब्रुवारीला दोन्ही अर्ज भरून शुल्क दिले. कार्डावर माणशी पावणेतेरा हजारांच्या आसपास रक्कम कापली गेली. कोणत्या केंद्रात जायचे हे अर्जदार निवडू शकतो, कर्नाटकात राहणाऱ्याने बेंगळुरूलाच जावे असे बंधन नाही. पुण्याला नणंद राहतात, म्हणून २७ फेब्रुवारीची पुण्याची वेळ घेतली. कागद आधीच घरून स्कॅन करून चढवले, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. केंद्रात स्कॅन करून घेतल्यास पडतात. भाच्याने दोन रात्री बसून प्रत्येक फाइलला इंग्रजीत स्पष्ट नाव दिले आणि मूळ कागदामागे लगेच त्याचे भाषांतर येईल अशी एकेक फाइल केली.

आणि तेवढ्यात, त्याच आठवड्यात, बेळगाव भागात बसच्या कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून दोन्ही राज्यांत तणाव वाढला आणि कर्नाटक व महाराष्ट्र यांच्यातल्या सरकारी बसगाड्या थांबल्या. आमची तिकिटे २५ तारखेच्या रात्रीच्या बसची होती. सीमाभागात राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, पण त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला, कारण ठरलेली वेळ चुकली तर पुढची कधी मिळेल याची शाश्वती नव्हती. सुदैवाने बुधवारच्या पुण्याच्या वंदे भारत गाडीत जागा मिळाली. २६ ला महाशिवरात्र होती, उपवासाचा डबा घेऊन सकाळी निघालो आणि दुपारी पुण्यात पोहोचलो. आमच्या भागातून व्हिसाच्या कामाला जाणाऱ्यांनी रेल्वेचे तिकीट काढावे आणि एक दिवस आधी पोहोचावे.

दुसऱ्या दिवशी केंद्रात माझे काम पाच मिनिटांत झाले, यजमानांचे होईना. पन्नास वर्षे मातीत काम केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्रावर ठसा उमटत नव्हता. तिथल्या मुलीने अतिशय आदराने ‘काका, घाई नाही’ म्हणत ओल्या रुमालाने बोटे पुसून चार वेळा प्रयत्न केला आणि चौथ्या वेळी दहाही बोटांचे ठसे आले. शेतकरी किंवा गवंडीकाम करणारे अर्जदार असतील तर आठ-दहा दिवस आधीपासून रोज रात्री बोटांना खोबरेल चोळावे, आणि त्या दिवसांत विळा-खुरपे हाती घेऊ नये. बेंगळुरूला ही अडचण आली नव्हती, कारण तेव्हा सुगी सुरू व्हायची होती. फेब्रुवारीपर्यंत मळणीही उरकलेली असते आणि हात पार खरखरीत झालेले असतात.

मग वाट पाहणे. या काळात करण्यासारखे काहीच नसते आणि चौकशी करूनही काही कळत नाही. विमानाची तिकिटे आम्ही काढली नव्हती, निर्णयाआधी तिकिटे काढू नयेत असे ब्रिटन सरकार स्वतःच सांगते. १८ मार्चला दोघांनाही ई-मेल आला. त्यात फक्त निर्णय झाला आहे आणि पासपोर्ट परत पाठवत आहोत एवढेच होते, होकार की नकार ते लिहिलेले नव्हते. पुढचे तीन दिवस फार लांब गेले. २१ तारखेला शुक्रवारी दुपारी कुरियरवाला आला तेव्हा यजमान शेतात होते. मी पाकीट उघडले नाही. देवासमोर ठेवले आणि त्यांना बोलावणे पाठवले. ते तसेच चिखलाच्या पायांनी ओसरीवर बसले आणि म्हणाले, ‘तूच उघड.’ पासपोर्टच्या पानावर व्हिसा होता, माझ्याही आणि त्यांच्याही. सासूबाईंनी दोघांच्या पासपोर्टला हळदकुंकू लावायला घेतले तेव्हा मात्र त्यांना थांबवावे लागले.

खर्चाचा हिशेब विचारला जातो म्हणून देते. पहिल्या प्रयत्नात शुल्क, एजंट आणि बेंगळुरूचा प्रवास मिळून सुमारे ४९,००० रुपये गेले. दुसऱ्या वेळी शुल्क, भाषांतरे, प्रतिज्ञापत्रे, कुरियर आणि पुण्याचा प्रवास मिळून सुमारे ४१,००० रुपये. हे शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड झाले, आणि ते अधूनमधून वाढते, म्हणून अर्ज करताना ताजा आकडा पाहावा. सहा महिन्यांहून कमी मुक्कामासाठी क्षयरोगाची तपासणी लागत नाही. आम्हाला एकाने ती करून घेण्याचा आग्रह धरला होता, तो खर्च वाचला. प्रवास विमा बंधनकारक नाही, तरी ज्येष्ठांनी तो घ्यावाच. आपल्यासारख्या पाहुण्याला तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते.

८ एप्रिलला मँचेस्टरला उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारले: कशासाठी आलात आणि परत कधी जाणार. २४ तारखेला नात झाली. दिवस कसे गेले कळले नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात गावाकडून दिरांचा फोन आला की यंदा पाऊस फार लवकर आला आहे, रानात पाणी उभे आहे. २४ मेलाच मान्सून केरळात पोहोचला होता. त्यानंतर यजमानांचे लक्ष घड्याळापेक्षा खिडकीकडे अधिक असे. २ जूनला, ठरल्या तारखेला, आम्ही निघालो आणि ४ तारखेला सकाळी घरी पोहोचलो. यजमानांनी चहा घेतला आणि ते शेताकडे गेले.

ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे वेळेत परतल्याचा पुरावा म्हणून विमानाचे दोन्ही बोर्डिंग पास मी जपून ठेवले आहेत. ब्रिटनला पूर्वी कधी गेला होतात आणि किती दिवस राहिलात, हे पुढच्या अर्जात तारखांसह लिहावे लागते. उताऱ्यावरचे ‘नरसू’ बदलून ‘नरसिंग’ करण्याचा अर्ज जुलैमध्ये तहसीलात दिला आहे, त्याची पोचही त्याच फाइलमध्ये लावली आहे.